वाचकांचे प्रश्न : बॅक केलं आणि अ‍ॅप सरळ बंदच झालं!

गेल्या अंकात या सदराच्या शेवटी मी विचारलं होतं की मोबाइल अ‍ॅपमध्ये 'बॅक' हाताळताना काय काय अडतं ते कळवा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी छापता येणार नाहीत, पण बऱ्याच जणांची अडचण एकाच मुळाशी येऊन थांबते, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम लांब दिलंय. तुमचा प्रश्न खाली नसला तरी तेवढं एक उत्तर वाचाच.

प्रश्न : ताई, आमचं अँड्रॉइड अ‍ॅप चार-पाच वर्षं जुनं आहे, कोटलिनमध्ये. मेन अ‍ॅक्टिव्हिटीत (मुख्य स्क्रीनच्या कोडमध्ये) बॅक केल्यावर चालणारं ऑनबॅकप्रेस्ड हे फंक्शन ओव्हरराइड करून ठेवलंय. साइड मेन्यू उघडा असेल तर तो बंद कर, दुसऱ्या टॅबवर असेल तर पहिल्या टॅबवर ने, नाहीतर बाहेर पड, असं सगळं त्यात आहे. आता टार्गेट एसडीके (अ‍ॅप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीचे नियम पाळणार तो आकडा) ३६ केलं आणि अँड्रॉइड १६ च्या फोनवर ते फंक्शन कॉलच होत नाही, ब्रेकपॉइंटसुद्धा लागत नाही. मेन्यू उघडा असताना बॅक केलं की अ‍ॅप सरळ बाहेर. जुन्या फोनवर मात्र सगळं नीट चालतंय. आमचं काय चुकलं?

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही, तुमच्या कोडखालचा नियम बदललाय. अगदी सुरुवातीला बॅक म्हणजे कीबोर्डवरच्या कीसारखीच एक की होती, ऑनकीडाउनमध्ये कीकोड तपासायचा आणि काय ते करायचं. मग २००९ मध्ये अँड्रॉइड २.० सोबत ऑनबॅकप्रेस्ड आलं आणि आपण सगळे त्याच्यावर विसंबून राहिलो. अँड्रॉइड १३ मध्ये ते डिप्रिकेट झालं, म्हणजे 'यापुढे वापरू नका' असं ठरलं, एडिटरमध्ये नावावर काट मारलेली दिसायची पण चालत होतं म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. आता अँड्रॉइड १६ वर तुमचं अ‍ॅप ३६ ला टार्गेट करत असेल तर सिस्टीम ऑनबॅकप्रेस्डला हाकच मारत नाही, आणि बॅकचा कीकोडही अ‍ॅपकडे पाठवत नाही. म्हणजे जुने दोन्ही दरवाजे बंद.

असं का केलं हे समजून घेतलं ना, तर पुढचं सगळं सोपं जातं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं आणि त्यासोबत कडेवरून बोट आत ओढलं की मागे, हा जेश्चर आला. बटण दाबायचं असतं तेव्हा दाबलं की झालं, पण बोट ओढताना मधे वेळ असतो, माणूस अर्ध्यात थांबतो, विचार बदलतो, बोट परत नेतो. मग त्या अर्ध्या वेळात त्याला दाखवायचं काय? तर बोट सोडलं की कुठे पोचणार त्याची झलक दाखवायची, होम स्क्रीन येणार असेल तर चालू स्क्रीन थोडी आकसते आणि मागची होम स्क्रीन डोकावते. यालाच प्रेडिक्टिव्ह बॅक म्हणतात. पण ही झलक दाखवायची तर सिस्टीमला बोट उचलायच्या आधी माहीत हवं की हे बॅक अ‍ॅप स्वतः वापरणार आहे की सिस्टीमनेच हाताळायचंय. ऑनबॅकप्रेस्डमध्ये हा निर्णय बॅक झाल्यानंतर, फंक्शनच्या पोटात, इफ-एल्सच्या माळेत व्हायचा. तो सिस्टीमला आधी दिसणार कसा?

म्हणून नवा करार असा आहे की तुम्ही आधी सांगून ठेवायचं. ऑनबॅकप्रेस्ड-डिस्पॅचरमध्ये एक कॉलबॅक, म्हणजे बॅक आलं की सिस्टीमने बोलवायचं फंक्शन, लावायचा आणि त्या कॉलबॅकला 'एनेबल्ड' नावाचा होय-नाहीचा झेंडा असतो. झेंडा वर म्हणजे आत्ता बॅक आलं तर ते माझं, झेंडा खाली म्हणजे माझा संबंध नाही. बॅक आलं की सर्वात शेवटी लावलेल्यापासून उलट क्रमाने बघितलं जातं आणि ज्या पहिल्या कॉलबॅकचा झेंडा वर आहे त्याला एकट्यालाच ते मिळतं. कोणाचाच वर नसेल तर सिस्टीम नेहमीसारखं मागे नेते, झलकेसकट.

आता तुमच्या कोडकडे येऊ. बहुतेक जण इथे एक गोष्ट करतात ती कृपा करून करू नका. जुन्या ऑनबॅकप्रेस्डमधला सगळा इफ-एल्स उचलून एका कॉलबॅकमध्ये टाकतात, झेंडा कायमचा वर, आणि शेवटच्या एल्समध्ये फिनिश, म्हणजे स्क्रीन स्वतःच संपवायची. चालतं ते, पण मग होम स्क्रीनवर जायची झलक कधीच दिसत नाही कारण सिस्टीमला वाटतं या अ‍ॅपला प्रत्येक बॅक स्वतःकडे हवंय. शिवाय अँड्रॉइड १२ पासून लाँचरवरून उघडलेली सर्वात खालची अ‍ॅक्टिव्हिटी बॅक केल्यावर संपवली जात नाही, नुसती मागे सरकवली जाते, म्हणजे परत आलं की अ‍ॅप झटकन उघडतं. तुम्ही स्वतः फिनिश केलंत की हा फायदाही गेला.

त्याऐवजी तुमच्या इफ-एल्सचे तुकडे करा. मेन्यूचा एक कॉलबॅक, मेन्यू उघडला की त्याचा झेंडा वर, मिटला की खाली. टॅबचा दुसरा, पहिला टॅब सोडून कुठेही असाल तर वर, पहिल्या टॅबवर आलात की खाली. आणि 'नाहीतर बाहेर पड' हा तुकडा सरळ पुसून टाका, ते काम तुमचं नाहीच. मेन्यूचा कॉलबॅक टॅबच्या नंतर लावा म्हणजे आधी मेन्यू मिटेल. कंपोज (अँड्रॉइडची स्क्रीन बांधायची नवी पद्धत) वापरत असाल तर बॅकहँडलर आहे, त्याला एनेबल्ड म्हणून 'मेन्यू उघडा आहे का' एवढीच अट द्यायची, झेंडा तो आपोआप वरखाली करतो.

फ्रॅगमेंटमध्ये (स्क्रीनच्या एका तुकड्यात) कॉलबॅक लावताना लाइफसायकल ओनर, म्हणजे तो कॉलबॅक कोणासोबत जगणार आणि संपणार ते, द्यायला विसरू नका, ऑनव्ह्यूक्रिएटेडमध्ये लावत असाल तर व्ह्यूचा ओनर द्या. ओनर न देता लावलेला कॉलबॅक स्क्रीन गेल्यावरही तिथेच बसून राहतो आणि मग भलत्याच स्क्रीनवर बॅक अडकतं, हा बग शोधायला दोन-दोन दिवस गेलेले मी पाहिलेत. आणि कॉलबॅकच्या आतून तुम्हाला 'जाऊ दे आता, नेहमीसारखं मागे ने' असं म्हणायचं असेल तर आधी झेंडा खाली करा आणि मगच डिस्पॅचरला परत हाक मारा. झेंडा वर असतानाच हाक मारली तर ते बॅक पुन्हा तुमच्याचकडे येणार, तुम्ही पुन्हा हाक मारणार, आणि अ‍ॅप क्रॅश.

रिलीज उद्यावर आलंय आणि एवढं सगळं आज होणार नाही, तर मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती असलेल्या फाइलमध्ये) एनेबल-ऑन-बॅक-इन्व्होक्ड-कॉलबॅक हे फॉल्स करून ठेवता येतं, अख्ख्या अ‍ॅपसाठी किंवा एखाद्याच अ‍ॅक्टिव्हिटीसाठी. जुनं सगळं परत चालू लागेल. पण ही सोय तात्पुरती म्हणूनच दिलेली आहे, तिच्यावर घर बांधू नका.

प्रश्न : 'बाहेर पडण्यासाठी पुन्हा बॅक दाबा' असा टोस्ट (क्षणभर दिसून जाणारा संदेश) आमच्या क्लायंटला हवाच आहे. नव्या पद्धतीत ते कसं करायचं?

उत्तर : करता येतं. पहिल्या स्क्रीनवर कॉलबॅकचा झेंडा वर ठेवायचा, पहिलं बॅक आलं की टोस्ट दाखवायचा आणि झेंडा खाली करायचा, दोन सेकंदांनी परत वर. त्या दोन सेकंदांत दुसरं बॅक आलं तर ते थेट सिस्टीमकडे जातं. स्वतः फिनिश करायची गरजच नाही.

पण क्लायंटशी एकदा बोलून बघा असं मी मनापासून सुचवेन. हा टोस्ट आला तेव्हा बटण चुकून दाबलं जायचं आणि अ‍ॅप परत उघडायला वेळ लागायचा. आता झलक दिसते, माणूस बोट परत नेऊ शकतो, आणि चुकून गेलाच तरी अ‍ॅप मागे जिवंत असतं. म्हणजे ज्या चुकीसाठी हा पहारा बसवला होता ती चूक आता फारशी महागात पडत नाही. मात्र मधेच चालू असलेला खेळ, रेकॉर्डिंग, असं काही असेल तर थांबवून विचारणं बरोबरच आहे, तिथे टोस्टपेक्षा सरळ डायलॉग द्या.

प्रश्न : आमच्या फॉर्ममध्ये तीन पानं आहेत. युजरने बॅक केलं की भरलेलं सगळं सेव्ह करायचं असं ठरलंय, म्हणून बॅकच्या कॉलबॅकमध्ये डेटाबेसला लिहितो. तरीही तक्रारी येतात की भरलेलं गेलं. कॉलबॅक तर नीट चालतोय.

उत्तर : कॉलबॅक चालतोय, पण अ‍ॅपमधून माणूस फक्त बॅकनेच बाहेर पडतो का? फोन येतो, तो खालून वर स्वाइप करून होम स्क्रीनवर जातो, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये ओटीपी बघायला जातो आणि तेवढ्यात सिस्टीमला मेमरी कमी पडली की तुमची प्रोसेस मारली जाते. यातल्या एकाही वेळी बॅक येत नाही.

मी स्वतः एका अशाच लांबलचक फॉर्मच्या अ‍ॅपवर काम केलंय. बॅकवर आम्ही सुंदर डायलॉग ठेवला होता, 'बदल सेव्ह करायचे का', आणि सेव्हचं सगळं त्या डायलॉगच्या 'हो' मागे होतं. एका बाईंनी पाऊण तास बसून फॉर्म भरला, मधे कागद शोधायला म्हणून फोटोंचं अ‍ॅप उघडलं, परत आल्या तर पहिलं कोरं पान. त्यांचा मेल वाचला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. तेव्हापासून माझा नियम एकच, सेव्हचा आणि बॅकचा संबंध तोडायचा. प्रत्येक फील्ड बदलला की थोडं थांबून ड्राफ्ट लिहायचा, आणि ऑनस्टॉपला उरलंसुरलं. स्क्रीनवरची तात्पुरती स्थिती सेव्ह्ड-स्टेटमध्ये ठेवायची, पण एक लक्षात घ्या, युजरने बॅकने अ‍ॅक्टिव्हिटी संपवली तर ती स्थिती ठेवली जात नाही, व्ह्यूमॉडेलही (स्क्रीनचा डेटा मेमरीत धरून ठेवणारा भाग) साफ होतं. त्यामुळे खरा ड्राफ्ट डिस्कवरच हवा.

ड्राफ्ट असा आपोआप राहायला लागला की 'सेव्ह करायचं का' हा डायलॉगच बहुतेक वेळा लागत नाही. मग बॅक अडवायचं कारणही उरत नाही. तीन पानांमध्ये मागे-पुढे करायला पान दुसरं किंवा तिसरं असेल तेव्हाच झेंडा वर, पहिल्या पानावर खाली, संपलं.

प्रश्न : फ्लटरमध्ये (अँड्रॉइड आणि आयफोनसाठी एकाच कोडमधून अ‍ॅप बांधायच्या साधनात) बॅक अडवणारं विलपॉपस्कोप काढून पॉपस्कोप वापरा असं सांगतात. विलपॉपस्कोपमध्ये मी अवेट करून डायलॉग दाखवायचो आणि ट्रू-फॉल्स परत द्यायचो. पॉपस्कोपमध्ये तसं करताच येत नाही, उलट डायलॉगवर 'हो' म्हटलं की दोन स्क्रीन मागे जातंय.

उत्तर : पहिल्या उत्तरातलंच कारण इथेही. विलपॉपस्कोप आधी तुमच्या उत्तराची वाट बघायचं आणि मग ठरवायचं, सिस्टीमला मात्र उत्तर आधीच हवंय. म्हणून २०२३ मध्ये फ्लटर ३.१६ सोबत पॉपस्कोप आलं. त्यात कॅनपॉप हा झेंडा आधीच द्यायचा, आणि बॅकनंतर जो कॉलबॅक येतो तो परवानगी विचारायला येत नाही, काय झालं ते सांगायला येतो. फ्लटर ३.२४ पासून त्या कॉलबॅकचं नाव ऑनपॉपइन्व्होक्ड-विथ-रिझल्ट आहे, जुनं ऑनपॉपइन्व्होक्ड डिप्रिकेट झालंय.

त्याच्यात पहिलं आर्ग्युमेंट येतं डिडपॉप. ते ट्रू असेल तर स्क्रीन आधीच गेलेली आहे, काही करू नका, पहिल्याच ओळीत रिटर्न. फॉल्स असेल तर डायलॉग दाखवा आणि युजर 'हो' म्हणाला की नॅव्हिगेटरचं पॉप (वरची स्क्रीन काढणारं फंक्शन) स्वतः बोलवा. हे पॉप कॅनपॉपला विचारत नाही, थेट मागे नेतं, आणि त्यानंतर कॉलबॅक पुन्हा येतो, या वेळी डिडपॉप ट्रू घेऊन. तुम्ही ते तपासत नसाल तर दुसऱ्या खेपेला अजून एक पॉप होतं. तुमच्या दोन स्क्रीन तिथेच जातायत असं मला जवळपास खात्रीने वाटतं.

आणि कॅनपॉपला कायम फॉल्स देऊन ठेवू नका. फॉर्ममध्ये खरंच काही बदललं असेल तेव्हाच फॉल्स, नाहीतर ट्रू, आणि बदललं की सेटस्टेट करा म्हणजे झेंडा खरा राहील. कोरा फॉर्म सोडतानाही 'नक्की जायचं का' विचारणारी अ‍ॅप लोकांना नकोशी होतात.

प्रश्न : रिअ‍ॅक्ट नेटिव्ह (जावास्क्रिप्टमध्ये मोबाइल अ‍ॅप बांधायचं साधन). होम स्क्रीनवर बॅकहँडलर लावलाय, पण डिटेल स्क्रीनवर गेलं तरी होमचाच चालतो. दुसरं म्हणजे मोडल (स्क्रीनवर उघडणारी खिडकी) उघडा असताना काहीच चालत नाही.

उत्तर : रिअ‍ॅक्ट नॅव्हिगेशनच्या स्टॅकमध्ये (एकावर एक रचलेल्या स्क्रीनच्या चळतीत) डिटेलवर गेलात तरी होम स्क्रीन खाली तशीच माउंटेड, म्हणजे जिवंत, असते, त्यामुळे यूजइफेक्टमध्ये लावलेला लिसनर निघतच नाही. यूजइफेक्टच्या जागी यूजफोकसइफेक्ट वापरा आणि क्लीनअपमध्ये सबस्क्रिप्शनवर रिमूव्ह बोलवा, जुनी रिमूव्ह-इव्हेंट-लिसनरची पद्धत आता विसरा. लिसनर शेवटून पहिल्याकडे चालतात आणि ज्याने ट्रू परत दिलं तिथे साखळी थांबते, म्हणून ज्या फांदीत तुम्ही काही केलं नाही तिथून फॉल्स द्यायलाच हवं. मोडलचं वेगळं आहे, तो उघडा असताना बॅकहँडलरला इव्हेंट येतच नाहीत, त्याच्यासाठी मोडलचाच ऑनरिक्वेस्टक्लोज प्रॉप आहे.

प्रश्न : आयफोनवर आम्ही बॅकच्या बाणाऐवजी डिझायनरने दिलेला आयकॉन लावला. तेव्हापासून कडेवरून स्वाइप करून मागे जाता येत नाही.

उत्तर : आयफोनवर सिस्टीमचं बॅक बटण नाहीच, त्यामुळे आयओएस ७ पासून असलेला हा डाव्या कडेचा स्वाइप लोकांच्या बोटात बसलेला आहे, तो गेला की त्यांना लगेच जाणवतं. लेफ्ट-बार-बटण-आयटम स्वतःचा लावला किंवा स्विफ्टयूआयमध्ये मूळ बॅक बटण लपवलं की तो जेश्चर बंद पडतो. नुसतं चित्रच बदलायचं असेल तर नॅव्हिगेशन बारच्या अपिअरन्समध्ये बॅक इंडिकेटरची इमेज बदला, बटण मूळचंच राहील आणि स्वाइपही. अगदीच स्वतःचं बटण हवं असेल तर इंटरॅक्टिव्ह-पॉप-जेश्चर-रेकग्नायझरचा डेलिगेट स्वतःकडे घ्यावा लागतो, आणि तेव्हा स्टॅकमध्ये एकापेक्षा जास्त कंट्रोलर असतील तरच जेश्चर सुरू होऊ द्या, नाहीतर पहिल्याच स्क्रीनवर स्वाइप केलं की यूआय अडकून बसतो.

प्रश्न : नोटिफिकेशनवरून मेसेजची स्क्रीन उघडते, बॅक केलं की अ‍ॅपमधून बाहेरच. साहेब म्हणतात होमवर जायला हवं. आणि लॉगिन झाल्यावर बॅक केलं तर परत लॉगिन येतं.

उत्तर : या दोन्ही ठिकाणी बॅकला हात लावू नका, मागचा स्टॅक दुरुस्त करा. बॅक हे फक्त वरचं पान उचलतं, खाली काय रचलंय ते तुमच्या हातात आहे. नोटिफिकेशनसाठी टास्क-स्टॅक-बिल्डर वापरून होम आणि त्यावर मेसेज असा स्टॅक आधीच रचून द्या, किंवा नॅव्हिगेशन कंपोनंटची डीप लिंक (अ‍ॅपमधल्या ठरावीक स्क्रीनवर नेणारी लिंक) वापरा. लॉगिननंतर होमवर जाताना पॉपअपटू मध्ये लॉगिनचं नाव आणि इन्क्लुझिव्ह ट्रू द्या, म्हणजे लॉगिन स्टॅकमधून निघूनच जाईल. होमवर कॉलबॅक लावून 'लॉगिन झालं असेल तर बाहेर पड' असं लिहिलेलं मी बऱ्याचदा पाहते, ते म्हणजे छप्पर गळतंय म्हणून खाली बादली ठेवण्यासारखं आहे.

प्रश्न : आमच्या अ‍ॅपमध्ये वेबव्ह्यू (अ‍ॅपच्या आतच वेबपानं दाखवणारा भाग) आहे. आतली पानं मागे मागे जायला हवीत आणि शेवटी स्क्रीन बंद व्हायला हवी.

उत्तर : 'मागे जायला पान आहे का' हे सांगणाऱ्या कॅनगोबॅकचं उत्तर म्हणजेच तुमचा झेंडा. वेबव्ह्यूक्लायंटमध्ये डू-अपडेट-व्हिजिटेड-हिस्टरी नावाची मेथड आहे, हिस्टरी बदलली की ती येते, तिथे झेंडा कॅनगोबॅकप्रमाणे वरखाली करा आणि कॉलबॅकमध्ये फक्त गोबॅक. बॅक आल्यावर मग तपासत बसायचं नाही.

प्रश्न : फोटोच्या कडेचे हँडल ओढून क्रॉप करायचं असतं, पण कडेपाशी बोट नेलं की फोन मागे जातो. युजर वैतागलेत.

उत्तर : तेवढ्या भागापुरतं सिस्टीमला 'इथे बॅक नको' असं सांगता येतं, सिस्टीम-जेश्चर-एक्सक्लूजन-रेक्ट्स. पण प्रत्येक कडेला उभ्यात मिळून २०० डीपीपर्यंतच (डीपी हे स्क्रीनवरचं माप) ते मानलं जातं, म्हणून अख्खी कड मागू नका, फक्त हँडलाएवढे चौकोन द्या आणि हँडल सरकलं की चौकोनही सरकवा. त्याहून बरं म्हणजे फोटोभोवती थोडी मोकळी जागा सोडा, हँडल कडेला चिकटणारच नाहीत.

प्रश्न : हे सगळं टेस्ट कसं करायचं? प्रत्येक वेळी हातात फोन घेऊन स्वाइप करत बसायचं का?

उत्तर : थोडं हाताने करावंच लागेल, कारण झलक डोळ्यांनीच कळते. हळू स्वाइप करा, अर्ध्यात थांबा, बोट परत न्या. रद्द केलेल्या बॅकनंतर स्क्रीन जशीच्या तशी राहते का, हे फार कमी लोक तपासतात. तीन बटणं लावूनही बघा, अँड्रॉइड १६ वर बॅकचं बटण दाबून धरलं की तीच झलक दिसते. कीबोर्ड उघडा असताना एक बॅक, मग दुसरं, तेही बघा.

बाकीचं मशीनवर सोडा. एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायच्या साधनाने) इनपुट कीइव्हेंट ४ पाठवलं की बॅक होतं, स्क्रिप्टमध्ये पटापट पंचवीस वेळा पाठवता येतं. एस्प्रेसोमध्ये (अँड्रॉइडच्या आपोआप चाचण्यांच्या साधनात) प्रेसबॅक आहे, पण त्या बॅकने अ‍ॅपमधून बाहेर पडणार असाल तर ते एरर देतं. 'पहिल्या स्क्रीनवर बॅक केलं की अ‍ॅप बाहेर जातं' हेच तपासायचं असेल तर प्रेस-बॅक-अनकंडिशनली वापरा. आणि डेव्हलपर ऑप्शनमध्ये 'डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज' (सोडलेली स्क्रीन लगेच नष्ट करणारी सोय) चालू करून एकदा अख्खं अ‍ॅप फिरून या, तीन पानी फॉर्मवाल्यांनी तर आजच.